मागचा दिवा काय खातो?

सायकलला लावायच्या सगळ्या सामानात मागचा लाल दिवा ही एकच वस्तू अशी आहे, जी चालवणाऱ्याच्या कधी नजरेस पडत नाही. घंटी ऐकू येते, पुढचा दिवा रस्ता दाखवतो, ब्रेक हाताला कळतो. मागचा दिवा चालू आहे की विझला, हे बघायलासुद्धा थांबावं लागतं. तो पूर्णपणे दुसऱ्यासाठी असतो, मागून येणाऱ्या एका अनोळखी ड्रायव्हरसाठी. पैसे मात्र आपले जातात, सेल आपण भरतो आणि तो विझला तर जीवही आपलाच जातो.

केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या रस्ते अपघात अहवालात त्या वर्षीच्या मृत्यूंचा आकडा १,६८,४९१ आहे. अपघातांच्या प्रकारांत सगळ्यात मोठा वाटा 'मागून धडक' या प्रकाराचा, साधारण पाचवा हिस्सा. हे आकडे सगळ्या वाहनांचे आहेत. पण मागून येणाऱ्याला समोरचा वेळेत दिसला नाही तर काय होतं, ते त्यातून कळतं.

मी वर्धा जिल्ह्यात सायकलने फिरायचं ठरवलं तेव्हा मागचा दिवा निवडायला बसलो. नागपूरहून केळझर, सेलू, पवनार, सेवाग्राम, पुढे देवळी, पुलगाव आणि आर्वी, असा तीन दिवसांचा बेत होता. महिना डिसेंबरचा. या भागात तेव्हा साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी लवकर निघालं तर पहिला तासही अंधारातच जातो. ऑनलाइन बघितलं तर दोनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत दिवे होते आणि प्रत्येकाची जाहिरात एकाच गोष्टीवर चाललेली: किती ल्युमेन. वाचत गेलो तसं लक्षात आलं की ल्युमेनचा आकडा हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरे प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही जुने आहेत. रस्त्यावर दिसण्याची जबाबदारी कोणाची? आणि दिवा काय खातो, म्हणजे त्याचं इंधन कुठून येतं? यातल्या दुसऱ्या प्रश्नावर वर्ध्यात एकेकाळी फार गंभीरपणे काम झालं होतं.

दिसायचं कोणी?

रात्री मागून दिसण्याची सोय सायकलच्याही आधीची आहे. बाजाराला निघालेल्या बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगायची पद्धत आपल्याकडे होती. हिंगणघाटच्या बाजाराकडे कापूस घेऊन रात्रभर चालणाऱ्या गाड्यांची कल्पना करा. गाडीवान अनेकदा झोपलेला असायचा, बैलांना रस्ता पाठ असायचा आणि खाली हेलकावणारा कंदील मागच्याला सांगायचा की पुढे कोणीतरी आहे. तेव्हा मागून येणारी दुसरी बैलगाडीच असायची. दोघांचा वेग सारखा, त्यामुळे फार काही बिघडत नव्हतं.

मोटारी आल्यावर हे गणित बदललं. त्यावरचा सगळ्यात रंगलेला वाद ब्रिटनमध्ये झाला आणि तो आपल्याही सायकलींवर खूण सोडून गेला. तिथे १८७८ साली सायकलवरून प्रवास करणाऱ्यांचा एक क्लब निघाला होता. पुढे तो सायकलिस्ट्स टुरिंग क्लब या नावाने ओळखला गेला. आज कोणालाही वाटेल की टुरिंग करणारे लोक मागच्या दिव्याच्या बाजूने असतील. पण हा क्लब सक्तीच्या मागच्या दिव्याला अनेक वर्षं विरोध करत राहिला. त्यांचं म्हणणं असं होतं: जो जास्त वेगाने येतो आणि ज्याच्याकडे मोठा पुढचा दिवा आहे, त्यानेच समोर बघून चालवावं. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग त्याने ठेवावा. एकदा सायकलवाल्यावर दिव्याची सक्ती केली की धडक बसल्यावर पहिला प्रश्न 'तू वेगात का होतास?' हा राहणार नाही, 'तुझा दिवा कुठे होता?' असा होईल.

१९२७ सालच्या कायद्याने सायकलस्वाराला मागे लाल दिवा किंवा लाल रिफ्लेक्टर, यातलं एक निवडायची मुभा दिली. १९३४ च्या कायद्याने रिफ्लेक्टरबरोबर मागे पांढरा पट्टाही आणला. मग १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, ब्लॅकआऊट आला, रस्त्यावरचे दिवे बंद झाले, मोटारींचे दिवे झाकले गेले. १९४० साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ८,६०९ माणसं मेली. युद्धाच्या काळात सायकलला मागचा दिवा सक्तीचा झाला आणि १९४५ मध्ये कायदा करून ती सक्ती कायम करण्यात आली. वाद तिथे संपला. क्लबचा युक्तिवाद कोणी खोडून काढला असं नाही. अंधारात माणसं मरत असताना त्या युक्तिवादाचा उपयोग उरला नव्हता, इतकंच.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीचं मागचं मडगार्ड कधी नीट बघितलंय? खालच्या टोकाला पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर एक लाल रिफ्लेक्टर. भारतीय सायकल कारखान्यांची मोठी पिढी स्वातंत्र्याच्या आसपास उभी राहिली. टीआय सायकल्स १९४९ मध्ये, अ‍ॅटलस १९५१ मध्ये, हिरो १९५६ मध्ये. त्यांनी बनवलेली सायकल इंग्लिश रोडस्टरच्या घाटाची होती. तो पांढरा पट्टा मला १९३४ च्या त्या कायद्याचाच वारस वाटतो. सेलूच्या आठवडी बाजाराबाहेर लावलेल्या सायकलींवर तो अजून दिसतो.

दिव्याबद्दलचा धाकही आपल्याकडे बराच काळ होता. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला, डबलसीट आणि बिनदिव्याची सायकल, ही आपल्या आजोबांच्या पिढीची पोलिसांना घाबरायची तीन कारणं. दिवा नसेल तर पावती फाटायची, नाहीतर चाकातली हवा सोडली जायची. पुढे मोटारसायकली वाढल्या, बिल्ला गेला, सायकलवाल्याकडे कोणी बघेनासं झालं. सायकल पोलिसांच्या नजरेतून सुटली, तशीच ड्रायव्हरच्या नजरेतूनही सुटत गेली.

मगनवाडीतला कंदील

आता दुसरा प्रश्न, इंधनाचा. त्यासाठी वर्ध्यात यावं लागतं.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं मुख्यालय वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत होतं. मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला जाण्याआधी गांधीजींचा मुक्काम इथेच होता. संघाचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा हे पेशाने हिशेबतपासनीस आणि अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. त्यामुळे गावातल्या प्रत्येक वस्तूकडे बघताना ते एक हिशेब मांडत: या वस्तूसाठी गावाबाहेर किती पैसा जातो आणि त्या बदल्यात गावात काय येतं?

दिव्याचा हिशेब असा होता. शेतकरी तेलबिया पिकवतो आणि बाहेर विकतो. मग त्याच घरात उजेडासाठी रॉकेल विकत आणतो, जे दूरच्या विहिरींतून निघतं आणि मोठ्या तेल कंपन्यांच्या हातून येतं. गावाची घाणी बंद पडते, तेली रिकामा होतो आणि घरातली चिमणी मात्र रॉकेलवर जळते. यावर मगनवाडीत वनस्पती तेलावर चालणारा कंदील तयार केला गेला. त्याचं नाव मगनदीप.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात खरी तांत्रिक अडचण आहे. रॉकेल पातळ असतं, वातीतून सहज वर चढतं. म्हणून कंदिलाची टाकी खाली आणि ज्योत बरीच वर असली तरी चालतं. करंज, मोह, एरंड, जवस यांची तेलं घट्ट असतात, ती वातीतून फार उंच चढत नाहीत. आपली पणती उथळ असते ती याच कारणाने. तेल आणि ज्योत जवळजवळ हवेत. पण पणती वाऱ्यात टिकत नाही, हातात धरून शेतात नेता येत नाही. काचेच्या आत सुरक्षित जळणारा, उचलून नेता येणारा आणि गावच्या घाणीच्या तेलावर चालणारा दिवा, हे डिझाइनचं काम होतं. मगनवाडीच्या लोकांनी ते अंगावर घेतलं.

१९३८ साली मगनवाडीत मगन संग्रहालय सुरू झालं, गावातल्या उद्योगांची साधनं लोकांना बघता यावीत म्हणून. त्याच वर्षी 'रेडिओ लॅम्प वर्क्स' नावाची विजेच्या दिव्यांची कंपनीही स्थापन झाली होती, जी पुढे बजाज इलेक्ट्रिकल्स झाली. म्हणजे वर्ध्याच्या एकाच घराण्याचं नाव तेलाच्या दिव्याच्या जागेशीही जोडलं गेलं आणि विजेच्या दिव्याशीही. जिंकला अर्थातच विजेचा दिवा. मगनदीप आज कोणाच्या घरात नाही आणि सध्याचे तेलाचे भाव बघता परत येणारही नाही.

पण कुमारप्पांचा प्रश्न मला त्या कंदिलापेक्षा टिकाऊ वाटतो. तुरुंगात लिहिलेलं आणि १९४५ मध्ये आलेलं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे त्यांचं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांच्या विचारात एक फरक पुन्हा पुन्हा येतो: साठ्यावर चालणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर चालणारी अर्थव्यवस्था. कोळसा आणि खनिज तेल हे साठे. ते मर्यादित, म्हणून त्यांच्यासाठी भांडणं आणि युद्धं. दरवर्षी उगवणारं बी, वारा, पाणी हे प्रवाह. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्याला डिपेंडन्सी म्हणतो, तोच हा विचार आहे. तुमची गोष्ट कोणाच्या भरवशावर चालते आणि तो भरवसा तुटला तर पुढे काय?

डायनामो, सेल आणि लाल एलईडी

सायकलच्या दिव्याचा इतिहास म्हणजे या भरवशांची यादीच आहे. सुरुवातीला तेलाचे दिवे होते, मग कार्बाइडचे गॅसदिवे. नंतर डायनामो आला, टायरला घासून फिरणारी ती बाटली. कुमारप्पांच्या भाषेत बोलायचं तर डायनामो पूर्णपणे प्रवाहावर चालतो. इंधन म्हणजे सकाळी खाल्लेली भाकरी. नेहमीचा डायनामो ६ व्होल्ट आणि ३ वॅटचा. त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि फक्त ०.६ वॅट मागच्याला. खोट एकच, पण जिवावरची: सायकल थांबली की दिवा विझतो. चढावर हळू झालात, रस्त्याच्या कडेला पाणी प्यायला थांबलात, तर नेमकं तेव्हाच तुम्ही अंधारात.

सेलला ही अडचण नाही. फ्रान्समध्ये लेक्लांशेने १८६६ साली जस्त आणि कार्बनचा ओला सेल बनवला. वीस वर्षांनी जर्मनीत गासनरने तो कोरडा केला, म्हणजे आडवा-उभा कसाही धरता येईल असा. आपल्या शेतांत या सेलने टॉर्चच्या रूपाने प्रवेश केला, इतका की विदर्भात टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात. शेतीची वीज रात्री येते, मग रात्रीच पाणी द्यायला जावं लागतं आणि हातात बॅटरी लागते. अनेक दशकं या देशात एव्हरेडीचे सेल बनवणारी कंपनी होती युनियन कार्बाइड इंडिया, भोपाळची तीच. १९८४ नंतर दहा वर्षांनी ती कंपनी हस्तांतरित झाली, नाव बदललं, सेल चालू राहिले. दिवा काय खातो या प्रश्नाच्या उत्तरात कधीकधी असाही भाग असतो.

मागच्या दिव्याचं खरं नशीब बदललं ते एलईडीने. जुना बल्ब पांढरा-पिवळा उजेड देतो. त्यावर लाल काच लावली की लाल सोडून बाकीचा उजेड काचेतच अडतो, म्हणजे बराचसा सेल वाया. लाल एलईडी थेट लालच उजेड देतो. आणि लाल हा दिसणाऱ्या एलईडींमधला थोरला भाऊ. निक होलोनियाकने तो १९६२ साली अमेरिकेत बनवला. पांढऱ्या एलईडीसाठी निळा एलईडी लागतो. तो चांगला उजळ जमायला १९९० चं दशक उजाडलं आणि त्यासाठी तीन जपानी संशोधकांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. म्हणूनच सायकलच्या मागच्या दिव्यात एलईडी आधी रुळला आणि पुढच्या दिव्यात नंतर.

याच जिल्ह्यात, हिंगणघाटला, १९१४ मध्ये जन्मलेल्या बाबा आमट्यांनी १९८५ मध्ये 'भारत जोडो' यात्रा काढली. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत तरुण मुलं-मुली सायकलवर आणि पाठीच्या दुखण्यामुळे बाबा सोबतच्या गाडीत आडवे. आज सायकल टुरिंग म्हटलं की आपल्या डोक्यात सामानाची यादी येते. ही मुलं निघाली तेव्हा एलईडीचा सायकलदिवा आपल्या बाजारात नव्हताच.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि हळूहळू सायकलचे दिवेही तिच्यावर गेले. आज दुकानात मिळणारे बहुतेक मागचे दिवे असेच आहेत: आत बंद केलेली लिथियम बॅटरी, बाहेर यूएसबीचं छिद्र. सोयीचे, हलके, झगझगीत. आणि आता आपण पुन्हा मगनवाडीच्या प्रश्नापाशी येतो.

किती उजेड, किती वेळ

थोडं गणित करू. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. सामान लादलेली सायकल ताशी १८ ने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. दोघांतलं अंतर सेकंदाला १७ मीटरने कमी होतं. ड्रायव्हरला तुम्ही ५० मीटरवर दिसलात तर त्याच्याकडे तीन सेकंदही नाहीत आणि त्यातले दीड-दोन तर 'हे काय आहे' हे ओळखण्यातच जातात. तुम्ही ३०० मीटरवर दिसलात तर सतरा सेकंद मिळतात. तेवढ्यात तो आरामात वेग कमी करतो, बाजू घेतो. मागच्या दिव्याचं सगळं काम तीनाचे सतरा सेकंद करणं एवढंच आहे. अंधाऱ्या रस्त्यावर ३०० मीटरवरून दिसायला शेकडो ल्युमेन लागत नाहीत, चांगली भिंग असलेला साधा एलईडी पुरतो. मोठे आकडे भर उन्हात दिसण्यासाठी असतात. रात्री तोच झोत मागून येणाऱ्याच्या आणि आपल्याच सोबत्याच्या डोळ्यांत खुपतो.

दुसरा वाद लुकलुकण्याचा. लुकलुकता दिवा नजर लवकर खेचतो, पण दोन लुकलुकींमध्ये अंधार असल्यामुळे सायकल किती लांब आहे याचा अंदाज बांधणं अवघड जातं. देशोदेशींचे कायदेही यावर एकमत नाहीत. ब्रिटनने २००५ मध्ये लुकलुकता दिवा मान्य केला, सेकंदाला एक ते चार वेळा या मर्यादेत. जर्मनीत सायकलवर तो चालत नाही. तिथे तर २०१३ पर्यंत डायनामोच सक्तीचा होता, सेलचे दिवे त्यानंतर मान्य झाले. माझा नियम साधा आहे: दिवसा लुकलुक, रात्री स्थिर.

दिव्याने खरंच फरक पडतो का, याचा एक चांगला प्रयोग डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये झाला. १,८४५ सायकलस्वारांना दिवसरात्र चालू राहणारे दिवे दिले आणि २,००० जणांना दिले नाहीत. वर्षभरात दिवेवाल्यांमध्ये इजा होणाऱ्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी भरलं. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्या दिव्यांत सेलच नव्हता. चाकाच्या आऱ्यांना लावलेल्या चुंबकांवर ते चालत होते. बटण नाही, चार्जिंग नाही, विसरायला काही नाही.

वर्ध्याच्या रस्त्यावर

आता प्रत्यक्ष निवड. यूएसबीच्या दिव्यात साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी धरली तर ३.७ व्होल्टला ती १.८५ वॅट-तास होते. दोन बारीक पेन्सिल सेल, ८०० मिलिअँपिअर-तासांचे रिचार्जेबल, २.४ व्होल्टला १.९२ वॅट-तास. म्हणजे पोटात अन्न जवळजवळ सारखंच. ०.१ वॅट घेणारा स्थिर दिवा यावर पंधरा तासांच्या वर सहज चालतो आणि माझ्या तीन दिवसांत अंधाराचे तास बाराच्या आत होते.

फरक पडतो तो दिवा विझल्यावर. यूएसबीचा दिवा विझला तर दोन तास वीज शोधा, केबल शोधा आणि तोवर अंधारात थांबा. पेन्सिल सेलचा दिवा विझला तर एका मिनिटात सेल बदला. आणि पेन्सिल सेल कुठे नाही? भिंतीवरच्या घड्याळासाठी आणि टीव्हीच्या रिमोटसाठी तो गावच्या प्रत्येक किराणा दुकानात टांगलेला असतो. घाणीच्या तेलाची जागा आज कशाने घेतली असेल तर ती या सेलने. तो गावात बनत नाही, पण गावात मिळतो.

उन्हाचाही विचार करावा लागतो. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. काळ्या प्लास्टिकच्या डबीतली लिथियम बॅटरी उन्हात भाजली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं. काही वर्षांनी ती दमली की बदलता येत नाही. एलईडी ठणठणीत असतो, भिंग चांगली असते आणि तरी अख्खा दिवा कचऱ्यात. बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम २०२२ मध्ये आले, उत्पादकांनी जुन्या बॅटऱ्या परत घ्याव्यात म्हणून. पण आर्वीतून एक बोटभर बॅटरी परत पाठवायला कोण बसलंय? फेकून द्यायचे सेलही निर्दोष नाहीत, तेही उकिरड्यावरच जातात. म्हणून मी रिचार्जेबल पेन्सिल सेल भरले आणि दुकानातला साधा सेल फक्त अडीअडचणीसाठी ठेवला.

बाकीच्या गोष्टी टुरिंगवाल्यांना अनुभवाने कळतात, पण दुकानदार सांगत नाही. दिवा सीटखालच्या दांडीला लावला तर कॅरिअरवरच्या बॅगेमागे लपतो. त्यामुळे तो कॅरिअरच्या शेवटाला बोल्टने बसणारा हवा. अनेक टुरिंग कॅरिअरना त्यासाठी ५० किंवा ८० मिलिमीटर अंतरावर भोकं असतात. बॅगेला क्लिपने अडकवलेला दिवा बॅग लवंडली की जमिनीकडे बघायला लागतो. रबरी पट्टा उन्हाने तडकतो. पावसाळ्यात आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण, तर आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पण कापसाची काळी माती कुठल्याच आकड्यात बसत नाही. चाकातून उडून ती भिंगेवर असा लेप बसवते की आतला दिवा मजेत चालू असतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. थांबाल तेव्हा अंगठ्याने भिंग पुसायची, एवढाच उपाय.

आणि दिव्याबरोबर रिफ्लेक्टर हवाच. तो काहीच खात नाही. त्याची घडण अशी असते की समोरून आलेला उजेड आल्या दिशेनेच परत जातो. २०२० मध्ये केंद्र सरकारने सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तो गाजला नाही, पण महत्त्वाचा आहे. रिफ्लेक्टरची मर्यादा एकच, मागून येणाऱ्याचा दिवा चालू हवा. कापसाच्या हंगामात एकच मिणमिणता दिवा लावून येणारा ट्रॅक्टर बघितला की ती मर्यादा लगेच कळते.

सेलूच्या अलीकडे एका पंक्चरच्या दुकानात हवा भरताना दुकानवाल्या काकांनी माझा दिवा हातात घेऊन उलटापालटा केला.

"भाऊ, याले सेल कोणता लागते?"

"पेन्सिल सेल, काका. बारीक."

"मंग चालते. चार्जिंगचा इथं कोणी वापरत नाही. लाइट असते तेव्हा मोबाइल लावा का दिवा?"

एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला वाटतं, मी जे चार रात्री वाचून शोधत होतो ते त्यांनी पहिल्याच प्रश्नात विचारलं होतं.

ज्यांच्याकडे दिवा नाही

देवळीहून पुलगावकडे जाताना संध्याकाळी मला जे सायकलस्वार दिसले, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे दिवा नव्हता. जिनिंगमधून सुटलेले कामगार, रात्रपाळीला निघालेले चौकीदार, दुधाच्या कॅन लावलेला एक म्हातारा, क्लास सुटल्यावर दोघी-दोघींनी जोडीने चाललेल्या मुली. मी फिरायला आलो होतो आणि माझ्या मागे दोन लाल दिवे होते. ही माणसं रोज त्या रस्त्यावर असतात.

हे रस्तेही आता पूर्वीचे नाहीत. नागपूर-वर्धा-यवतमाळ मार्ग चौपदरी झाला आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि तो याच जिल्ह्यातून जातो. तिथे सायकलला मुळात प्रवेशच नाही. जलद गाड्यांसाठी वेगळा रस्ता, ही एका अर्थाने चांगली व्यवस्था आहे. पण चौपदरी झालेल्या बाकीच्या रस्त्यांवर वेग वाढला आणि सायकल तिथेच राहिली. बैलगाडीमागे बैलगाडी होती तोवर आसाखालचा एक कंदील पुरत होता. आता मागून येणाऱ्याचा वेग चौपट-पाचपट आहे आणि दिसायचं ओझं अजून पुढच्यावरच आहे.

म्हणून त्या ब्रिटिश क्लबचा हट्ट मला आज वेडा वाटत नाही. दिवा ही सायकलवाल्याने स्वतःसाठी घेतलेली काळजी असावी, ड्रायव्हरच्या बेफिकिरीची माफी नसावी. बिनदिव्याच्या सायकलला धडक बसली की 'अंधारात दिवा न लावता चालला होता' एवढ्या वाक्यावर आपल्याकडे बोलणं संपतं. गाडीचा वेग किती होता, हे विचारायचं राहून जातं. हे विचारणं आपण सोडू नये.

आणि तोवर जे करता येतं ते स्वस्त आहे. लाल रिफ्लेक्टर टेपची पट्टी कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात मिळते. मागच्या मडगार्डवरचा पांढरा रंग उडाला असेल तिथे वीतभर पट्टी चिकटवली की ती सायकल मागच्या गाडीच्या उजेडात लांबून चमकते. तिला सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही, पावसाने ती विझत नाही. तुम्ही टुरिंगला निघत असाल तर दिव्यासाठी हजार रुपये बाजूला काढाल. त्यात पन्नासची टेप जास्तीची घ्या आणि वाटेत जिथे हवा भरायला थांबाल, तिथल्या दुकानात ठेवून या. ती कोणाच्या सायकलला लावायची, हे पंक्चरवाल्याला बरोबर माहीत असतं.